जातीबाहेरचे एक पोर

दहावी-बारावीचे निकाल लागले की मृगाच्या सरींबरोबर आमच्या मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर आणखी एक सर कोसळू लागते. ती म्हणजे गुणगौरव समारंभांची. भंडारी समाजाचा सत्कार एका सभागृहात, मराठा समाजाचा दुसऱ्यात, गाबीत बांधवांचा बंदराजवळ, तेली, सुतार, कुंभार, देवळी, चर्मकार, बौद्ध यांचा आणखी कोठे. ज्याचा त्याचा मांडव निराळा, ज्याची त्याची शाल निराळी आणि ज्याचा त्याचा नारळही निराळा. एका शाळेत, एका बाकावर बसून, एकाच बाईंच्या तोंडून एकच धडा ऐकलेली मुले निकालाच्या दिवशी मात्र आपापल्या जातीच्या रांगेत उभी केली जातात, आणि त्या रांगेला आम्ही समाजकार्य म्हणतो.

वाचकहो, या समारंभांची टिंगल करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ज्यांच्या आजोबांना पाटीला हात लावण्याची चोरी होती, त्यांच्या नातवाच्या खांद्यावर शाल पडली तर डोळे पाणावतात, आमचेही पाणावतात. ज्ञातीच्या मंडळांनी वह्या वाटल्या, फी भरली, मुंबईत वसतिगृहे काढली, म्हणून कित्येक घरांत पहिला दिवा लागला. हे उपकार नाकारणारा कृतघ्न होय. पण परवा अशाच एका समारंभाहून परतताना एका सद्गृहस्थांनी आम्हाला मोठ्या समाधानाने सांगितले, "आता जातिभेद राहिला कुठे? आपला जिल्हा तर शिकलेला!" तेव्हा आमच्याने गप्प राहवले नाही. त्यांना रस्त्यात जे सांगता आले नाही, ते येथे सांगतो.

जिल्हा शिकलेला आहे, यात शंका नाही. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झालेला हा सिंधुदुर्ग २०११ च्या शिरगणतीत शंभरी पंच्याऐंशीहून अधिक साक्षर निघाला. पण अक्षर ओळखणे निराळे आणि माणूस ओळखणे निराळे. जातिभेद गेला असेल तर जातीची रांग कशासाठी, एवढाच आमचा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही वाचकांना फार दूर नेत नाही. मालवणच्या दक्षिणेस कर्लीची खाडी ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याने खाली जावे, म्हणजे वेंगुर्ले तालुक्यात केळुस नावाचे गाव लागते.

या केळुस गावी १८६० साली एका मराठा घरात कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचा जन्म झाला. पुढे ते मुंबईस गेले, विल्सन हायस्कुलात मास्तर झाले आणि आयुष्यभर मास्तरच राहिले. गाठी ना जमीनजुमला, ना संस्थान. पण या मास्तरांनी तुकोबांचे चरित्र लिहिले, १८९८ साली गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले आणि पुढे १९०६ च्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्र लिहिले. त्या शिवचरित्राच्या आधाराने १९२१ साली इंग्रजी ग्रंथ तयार झाला, आणि आमच्या राजाची कीर्ती परभाषेच्या वाचकांपर्यंत गेली. ज्या काळी बहुजनांच्या मुलाने लेखणी धरली तर भुवया उंचावत, त्या काळी या कोकणी माणसाने हे केले. मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांचा पुतळा उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला आणि २०२५ साली त्या जागी नवा उभारला गेला. त्या पुतळ्याविषयी गावागावांत जेवढे बोलणे झाले, त्याच्या शंभराव्या हिश्शाइतके तरी याच किनाऱ्यावरच्या शिवचरित्रकाराविषयी होते काय? वाचकांनी आज रात्री जेवताना घरच्या मुलाला विचारून पाहावे की केळुसकर कोण. मुलाला सांगता आले नाही तर त्याला रागावू नये. आपण त्याला कधी सांगितले, ते आठवावे.

पण केळुसकरांची थोरवी आम्ही त्यांच्या ग्रंथांवरून मोजीत नाही, एका पोरावरून मोजतो. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. बाग म्हटली की पोरे खेळायची, आरडाओरडा करायची. हा मात्र वाचीत बसलेला. मास्तरांनी जवळ जाऊन विचारपूस केली. मुलगा महार जातीचा निघाला. नाव भीमराव, बाप लष्करातून निवृत्त झालेले रामजी सुभेदार, मूळ गाव मंडणगडाकडचे आंबडवे. म्हणजे आमच्याच कोकणचे पोर. जात ऐकल्यावर मास्तरांनी पाऊल मागे घेतले नाही. काय वाचतोस, कसे वाचावे, हे सांगू लागले आणि पुस्तके देऊ लागले.

पुढे या मुलाचा सत्कार झाला, तोही ऐकण्यासारखा आहे. "बुद्ध आणि त्याचा धम्म" या ग्रंथासाठी ६ एप्रिल १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच तो सांगून ठेवला आहे. ते इंग्रजी चौथी पास झाले, तेव्हा त्यांच्या वस्तीतल्या लोकांना जाहीर सभा घ्यावीशी वाटली. इतर जातींत इंग्रजी चौथीचे कोणाला कौतुक असणार? पण त्या समाजातून तिथवर पोचलेला हा पहिलाच मुलगा होता. सुभेदारांचा मात्र विरोध. पोराच्या डोक्यात वारे शिरेल, केवळ एक परीक्षा तर पास झाला आहे, असे त्यांचे म्हणणे. शेवटी लोक दादा केळुसकरांकडे गेले. त्यांनी सुभेदारांची समजूत घातली, स्वतः सभेचे अध्यक्ष झाले, भाषण केले, आणि आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. चरित्रकार धनंजय कीर हा सत्कार १९०७ च्या मॅट्रिकच्या परीक्षेनंतरचा सांगतात, आणि अध्यक्ष म्हणून सीताराम केशव बोले यांचे नाव देतात. इयत्ता कोणतीही धरा, खुर्चीवर कोणीही बसवा, मुख्य गोष्ट बदलत नाही. महाराच्या मुलाच्या गुणगौरवाला मराठा मास्तर गेले होते, आणि शाल-नारळ नव्हे, तर ग्रंथ घेऊन गेले होते.

एवढ्यावरही ते थांबले नाहीत. सत्कार करून घरी जाणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या दिवशी फीचे काय, हे विचारणारे थोडे. मुलगा कॉलेजात गेला आणि घरची ओढाताण सुरू झाली, तेव्हा केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, मुलाला त्यांच्यापुढे नेऊन उभे केले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. त्या पैशावर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. १९१३ साली त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह बुद्धाचा मार्ग धरला, तेव्हा केळुसकर मास्तरांना जाऊन २२ वर्षे झाली होती. एका पुस्तकाने हे सारे घडले असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल, कारण बाबासाहेब घडले ते स्वतःच्या बुद्धीने आणि अपार कष्टाने. पण त्या पुस्तकाने आपल्या मनावर मोठा परिणाम केला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

आता कोणी म्हणेल, "मराठा मास्तरांनी महाराच्या मुलाला मदत केली, त्यात कुणब्याचे, मराठ्याचे, भंडाऱ्याचे काय भले झाले?" हा हिशोब आम्ही मुद्दाम मांडतो, कारण आमची रयत हिशोबी आहे. कोकणातल्या खोतीने आमच्या आज्या-पणज्यांचे किती रक्त शोषले, ते वेगळे सांगणे नको. घाम कुळाचा आणि रास खोताची. वर वेठ, वर नजराणा. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक कोणी मांडले? त्याच भीमराव आंबेडकरांनी. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला, त्याचे पुढारीही तेच. त्या मोर्चात महार होते, तसे कुणबी आणि मराठेही होते. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. पण १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला, आणि आज आमच्यापैकी पुष्कळांच्या सातबाऱ्यावर जे नाव आहे, ते त्या लढ्याचे फळ आहे. केळुसच्या मास्तरांनी जातीबाहेरच्या एका पोराला पुस्तक दिले. त्या पोराने मोठेपणी मास्तरांच्या जातीच्या कुळांसाठी जमीन मागितली. याहून चोख व्यवहार आम्हाला दुसरा ठाऊक नाही.

दुसरे नाव वर आलेच आहे, सीताराम केशव बोले यांचे. ते भंडारी. आपल्या ज्ञातीची संघटना करणारे, तिच्या मुलांच्या शिक्षणासाठी झटणारे. म्हणजे ज्ञातीचे काम त्यांनी सोडले नव्हते. पण ते तेथेच अडकून पडले नाहीत. मुंबईच्या कायदेमंडळात गेल्यावर ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी ठराव मांडला की सरकारी पैशाने बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. पण कागदाने विहिरीचा काठ ओला होत नाही. गावोगावच्या संस्था स्वस्थ बसल्या. तेव्हा ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले पुन्हा उभे राहिले, आणि जी नगरपालिका वा लोकल बोर्ड हा ठराव अमलात आणणार नाही, तिचे सरकारी अनुदान बंद करावे असे सुचविले. खरी दुखरी नस त्यांनी ओळखली होती. पुढे मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, त्याला कायद्याचा आधार होता तो या बोले ठरावाचा. भंडाऱ्याने ठराव आणला आणि पाणी महाराने प्यायले. ते पाणी पिण्यासाठीही डोकी फुटली, हे विसरता कामा नये.

आणि ज्यांची जात आमच्याहून वरची समजली गेली, त्यांच्यापैकी जे प्रामाणिकपणे खाली उतरले, त्यांचेही ऋण आम्ही मानतो. रत्नागिरीकडचे अप्पा पटवर्धन जन्माने ब्राह्मण. १९३२ साली तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. वरच्या जातीच्या कैद्याला ते देता येत नाही, असे सरकारने सांगितले, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले आणि येरवड्यात गांधीजींनीही उपवास धरला. १९४८ साली याच अप्पांनी आमच्या कणकवलीस गोपुरी आश्रम काढला. तेथे संडास, खत, मेलेल्या जनावरांचे कातडे, अशी लोकांनी नाक मुरडावे ती कामे स्वतः करून दाखविली. आमचे भांडण माणसाच्या जन्माशी कधीच नव्हते. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याशी होते. आणि तोच रोग आमच्या घरात शिरला असेल, तर औषध आम्हालाच घ्यावे लागेल.

तो शिरला आहे काय? आम्ही म्हणतो, होय. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वाड्या-वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. कित्येक ठिकाणी पाट्या बदलल्या. पण पाटीखालची पायवाट बदलली काय? देवळाच्या जीर्णोद्धारासाठी मुंबईकर चाकरमानी लाखांनी वर्गणी काढतात, आणि त्या देवळात मानपानाचा क्रम मात्र पणजोबांच्या वेळचा. त्याच गावच्या शाळेचे कौल फुटले तर ते पंचायतीचे काम! हे आम्ही कोणा एका गावाला उद्देशून लिहीत नाही. ज्याला टोपी बसेल त्याने ती घालावी.

आणि शाळेचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो, कारण खरा घोर तिथे आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी गाऱ्हाणे मांडले होते की सरकारचा खजिना भरतो रयतेच्या घामाने आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. सयाजीरावांनी १८९३ पासून अमरेलीत आणि १९०६ पासून सगळ्या बडोदे संस्थानात ते केले. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीरात त्याचा कायदा केला. सबंध देशाला तो हक्क कायद्याने मिळाला तो १ एप्रिल २०१० पासून. फुल्यांनी मागितल्यापासून १२८ वर्षांनी! त्या कायद्याखालच्या राज्याच्या नियमांप्रमाणे लहान मुलांची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. आमच्या मुलखात एक किलोमीटर म्हणजे काय, हे शहरातल्या साहेबांना कसे कळावे? मध्ये डोंगर, मध्ये व्हाळ, आणि आषाढात त्या व्हाळाला कमरेएवढे पाणी.

२०२३ साली शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आणला. राज्यात अशा शाळा पंधरा हजारांच्या घरात असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. गावोगाव ओरड झाली, आणि ती रास्तच होती. पण सरकारला दोष देऊन झाल्यावर थोडे आरशातही पाहावे. पट कमी का झाला? मुले कमी झाली हे खरे. पण ज्यांच्या हाती चार पैसे आले, त्यांनी आपली मुले गाडीत बसवून कुडाळ, कणकवली, मालवणच्या इंग्रजी शाळांत धाडली, हेही तितकेच खरे. कोणत्या आईबापांना आपल्या मुलाचे भले नको? त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. पण मागे वाडीतल्या शाळेत उरले कोण, ते पाहा. भूमिहीनाचे पोर, रापणीवर जाणाऱ्याचे पोर, बौद्धवाडीतले पोर, चिरेखाणीवर राबायला आलेल्या कानडी मजुराचे पोर, आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळ्याचे पोर. यांची जात आमच्या कोणत्याच मंडळाच्या यादीत नाही. यांचा गुणगौरव कोणत्या मांडवात होणार? शाळा बंद पडली तर गाडी करून देणारा यांना कोण आहे?

एकेकाळी आमच्याकडे पाहून लोक म्हणत, "झिलाक शिकवन काय मामलेदार करूचो आसा?" आज आमच्यातलेच काही जण खाणीवरच्या पोराकडे पाहून तेच शब्द बोलतात, फक्त मामलेदाराच्या जागी कलेक्टर घालतात. ज्या पंक्तीतून आपल्याला उठविले, त्या पंक्तीत आपण बसलो आणि बसताच दुसऱ्याला उठवू लागलो, तर फुले-शाहूंचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार काय?

मग करावे काय? आम्ही मोठमोठ्या गोष्टी सांगत नाही. शेतकऱ्याला आणि कारागिराला जमतील अशा तीनच सांगतो.

पहिली. शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, एकूण जागांपैकी निम्म्या बायांच्या, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. हा कायदा आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. आपल्या गावच्या समितीत बौद्धवाडीतली बाई आहे काय? खाणीवरच्या मजुराचे पोर शाळेत असेल तर त्याच्या आईला सभेचा सांगावा जातो काय? नसेल जात, तर पुढच्या सभेला आपण तिला बरोबर घेऊन जावे.

दुसरी. ज्ञातीच्या मंडळांनी आपले काम खुशाल चालवावे. पण सत्काराच्या यादीत आणि शिष्यवृत्तीच्या रकमेत एक जागा जातीबाहेरच्या मुलासाठी राखावी. भंडाऱ्यांनी एक चर्मकाराचे पोर निवडावे, मराठ्यांनी एक बौद्धाचे, बौद्धांनी एक मजुराचे. फार तर एक नारळ जास्त लागेल. पण त्या एका खुर्चीने मांडवाची सारी तऱ्हा बदलेल.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण तिला पैसा लागत नाही, मन लागते. ज्या घरात कोणी शिकलेले आहे, त्या घराने जातीबाहेरचे एक पोर आपले मानावे. दत्तक नको, उपकारही नको. त्याचा दाखला निघाला की नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत गेला की नाही, दहावीनंतर कोठे जायचे हे त्याला कळते की नाही, एवढे विचारावे. कचेरीत कोणत्या खिडकीवर जायचे हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक हुशार पोरे दगड फोडायला जातात. ते ठाऊक असणे हीच आमच्या पिढीची खरी मिळकत. ती वाटल्याने कमी होत नाही.

"आधी आमच्याच पोरांचे भागू दे," असे कोणी म्हणेल. केळुसकरांनाही घर होते, संसार होता आणि पगार मास्तराचा होता. आपल्या जातीत गरीब मुले तेव्हा काय थोडी होती? तरी संध्याकाळी बागेत एक मुलगा वाचीत बसलेला दिसला, तेव्हा आधी त्याची जात विचारावी आणि मग पुस्तकाचे नाव, असे त्यांना वाटले नाही.

पुढच्या निकालाला अजून अवकाश आहे. तोवर वाडीतल्या शाळेत एकदा जाऊन यावे, आणि कोणते पोर एकटे वाचीत बसले आहे ते पाहावे. यंदा ज्या मंडळाच्या मांडवात जातीबाहेरची ती एक खुर्ची ठेवली जाईल, त्याने आम्हाला जरूर कळवावे. आम्ही बोलावणे नसले तरी येऊ, आणि येताना शाल आणणार नाही, पुस्तक आणू.